कानटोपी घातली म्हणजे थंडीचा बंदोबस्त झाला का?

‘शरीरातली निम्मी उष्णता डोक्यातून निघून जाते, म्हणून शाळेत जाताना मुलाला कानटोपी घातली की पुरे’, हा संदेश दर हिवाळ्यात फिरतो. थंड वारा चेहऱ्याला आणि कानांना आधी झोंबतो, त्यामुळे तो पटणे स्वाभाविक आहे.

प्रत्यक्षात उष्णता शरीराच्या उघड्या भागातून, साधारण त्याच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात जाते. मोठ्या माणसाचे डोके म्हणजे अंगाच्या पृष्ठभागाचा जेमतेम 10 टक्के भाग. शाळकरी मुलात हा वाटा थोडा अधिक आणि तान्ह्या बाळात सुमारे 20 टक्के असतो, त्यामुळे बाळाला कुंची घालण्याची आपली रीत योग्यच आहे. मात्र निफाडकडच्या डिसेंबरातल्या पहाटे, पारा 10 अंशांखाली असताना, हाफ पॅंट घालून दुचाकीवर पुढे उभ्या असलेल्या मुलाच्या उघड्या मांड्या, गुडघे आणि पोटऱ्या मिळून डोक्यापेक्षा बरीच अधिक उष्णता गमावतात. त्यात समोरचा वारा!

पडताळा मोठ्यांनी स्वतःवर घ्यावा: एका सकाळी कानटोपी व हाफ पॅंट घालून, दुसऱ्या सकाळी बोडक्याने पण अंगभर कपड्यांत, पाच मिनिटे गच्चीवर उभे राहावे. मुलाच्या बाबतीत मानेमागे, कॉलरच्या आत हात घालून पाहावे; त्वचा गार लागली तर स्वेटरखाली आणखी एक सुती कपडा हवा, घामेजली असेल तर एक थर कमी करावा. हाताचे तळवे पाहून ठरवू नये, कारण ऊबदार कपड्यांतही ते गार पडतात. कानटोपी अर्थातच राहू द्यावी, सोबत लांब पायमोजे आणि फुल पॅंटही असावी.