खेळणी : उगम आणि निर्माते (सातारा–सांगली परिसराच्या अनुषंगाने)

खेळणी म्हणजे मुलांच्या खेळासाठी हेतुपुरस्सर घडविलेल्या वस्तू. पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा, पालीची खंडोबाची यात्रा किंवा तासगावचा रथोत्सव अशा प्रसंगी खेळणीवाल्यांच्या पालात लाकडी भोवरा, कागदी भिरभिरे, प्लॅस्टिकची स्प्रिंग आणि सहा रंगांचा घन एकाच फळीवर मांडलेले दिसतात. यांपैकी काहींचा निर्माता नावानिशी आणि सालासह ज्ञात आहे, तर काहींचा मुळीच नाही. हा फरक त्या वस्तूंच्या वयामुळे पडतो, तसाच नोंदीच्या पद्धतीमुळेही पडतो. ज्या समाजात पेटंट घेऊन कारखाना काढण्याची सोय होती, तेथे खेळण्याला माणसाचे नाव चिकटले. जेथे खेळणे कुंभार, सुतार व कातारी यांच्या हातून बलुत्याच्या व्यवहारात घडत राहिले, तेथे ते नाव कोणी लिहूनच ठेवले नाही.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे बेंदराचे बैल. महाराष्ट्राच्या इतर भागांत श्रावण किंवा भाद्रपद अमावस्येला येणारा बैलांचा सण सातारा, सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांत आषाढात बेंदूर म्हणून साजरा होतो. गोठ्यात बैल नसलेली घरेही कुंभाराकडून मातीची बैलजोडी आणून तिची पूजा करतात, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतात आणि नंतर ती जोडी मुलांच्या हाती जाते. पूजेची वस्तू आणि खेळणे यांत येथे भिंत नाही. सिंधू संस्कृतीच्या स्थळांवरही भाजक्या मातीच्या बैलगाड्या, पक्ष्याच्या आकाराच्या शिट्ट्या आणि दोरी ओढताच मान हलविणारा बैल सापडला आहे. मात्र एवढ्या साम्यावरून थेट वारसा सिद्ध होत नाही, कारण शेतीवर जगणाऱ्या कोणत्याही समाजातील मूल प्रथम बैलच घडवील. प्रवरेकाठच्या दायमाबाद येथे १९७४ मध्ये मिळालेला दोन बैलांचा कांस्यरथ अनेकदा प्राचीन खेळणे म्हणून दाखविला जातो, परंतु त्याच्यासोबतच्या हत्ती, गेंडा व रेडा यांसह त्या संचाचे वजन ६० किलोंहून अधिक भरते, हे पाहता तो मुलांसाठी घडविला असेल असे मानणे कठीण आहे.

कुंभाराच्या याच कौशल्यातून दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळेही आले. अजिंक्यतारा, प्रतापगड आणि वसंतगड ज्यांच्या नजरेसमोर आहेत त्या सातारा जिल्ह्यातील मुले अंगणात दगडमातीचा किल्ला रचतात, त्यावर अळीव पेरून हिरवळ आणतात आणि चित्रे मांडतात. हाताने वळलेल्या मूर्तींची जागा आता बव्हंशी साच्यातील प्लॅस्टरने घेतली आहे, ही खेदाची बाब आहे, कारण साचा आल्यावर प्रत्येक मावळ्याचा चेहरा सारखा झाला. भोवरा मात्र अजून टिकून आहे: चरकावर कातलेले लाकूड, टोकाला लोखंडी आर आणि गुंडाळायला जाळी (दोरी) एवढेच त्याचे अंग. भोवरे जगाच्या अनेक भागांत फार प्राचीन काळापासून आढळत असल्याने त्यांचा एकच शोधकर्ता शोधण्यात अर्थ नाही.

पटावरील खेळांची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. सापशिडीचा पूर्वज असलेला मोक्षपट मराठी परंपरा ज्ञानेश्वरांशी जोडते, पण आज उपलब्ध असलेले बहुतेक पट त्यांच्यानंतर कित्येक शतकांनी काढलेले आहेत. म्हणून हे श्रेय श्रद्धेचा भाग म्हणून नोंदवावे, पुराव्याचा म्हणून नव्हे. त्या पटावर शिडी म्हणजे सद्गुण आणि साप म्हणजे दुर्गुण होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्लंडमध्ये छापला जाऊ लागला आणि पुढे मोक्षाचा संदर्भ गळून पडला. कवड्यांनी खेळल्या जाणाऱ्या पचिशीवरून इंग्लंडमध्ये ‘लुडो’ तयार झाला आणि १८९६ मध्ये त्याचे पेटंटही घेतले गेले. पिढ्यान्‌पिढ्या कापडी पटावर सोंगट्या हलविणाऱ्यांच्या वाट्याला त्यातील काहीच आले नाही. मराठी घरांत ‘व्यापार’ या नावाने माहीत असलेल्या खेळाच्या मुळाशी एलिझाबेथ मॅगी यांचा १९०४ चा अमेरिकन पेटंटप्राप्त पट आहे. जमीनमालकीच्या मक्तेदारीचे दुष्परिणाम समजावेत हा त्यांचा हेतू होता, तरीही त्याच पटावरून निघालेल्या ‘मोनोपॉली’चे श्रेय व पैसा दीर्घकाळ तो खेळ आपला म्हणून विकणारे चार्ल्स डॅरो यांना मिळत राहिला.

पेटंट हाती असले तरी श्रेय योग्य ठिकाणी पोचेलच असे नाही, हे लेगोच्या विटांवरूनही दिसते. डेन्मार्कमधील बिलुंड गावचे सुतार ओले कर्क क्रिस्टियनसेन यांनी १९३२ मध्ये लाकडी खेळणी करण्यास सुरुवात केली. त्यांच्या कारखान्याने १९४९ मध्ये आणलेल्या प्लॅस्टिकच्या विटा ब्रिटिश निर्माते हिलरी फिशर पेज यांच्या विटांवर आधारलेल्या होत्या. आतील नळ्यांमुळे घट्ट बसणारी आजची वीट २८ जानेवारी १९५८ रोजी पेटंटसाठी दाखल झाली, तेव्हा पेज हयात नव्हते.

इतर काही खेळणी दुसऱ्याच कामातून निघाली. लिव्हरपूलचे फ्रँक हॉर्नबी यांनी आपल्या मुलांसाठी कापलेल्या, समान अंतरावर भोके पाडलेल्या धातूच्या पट्ट्यांचे पेटंट १९०१ मध्ये घेतले. तेच पुढे मेकॅनो हा जोडणीचा संच झाले. जहाजावरील उपकरणे स्थिर राहावीत म्हणून स्प्रिंगवर काम करणारे अभियंते रिचर्ड जेम्स यांच्या हातून १९४३ मध्ये एक स्प्रिंग फळीवरून घसरली आणि पावलापावलाने उतरत गेली. स्लिंकी हे तिचे नाव त्यांच्या पत्नी बेटी यांनी सुचविले. बुडापेस्टमधील वास्तुकलेचे अध्यापक एर्नो रुबिक यांनी १९७४ मध्ये घन बनविला, तो तुकडे स्वतंत्रपणे फिरूनही एकत्र राहावेत या रचनेच्या प्रश्नातून. विस्कटलेला घन पुन्हा जुळविण्यास त्यांना स्वतःलाही सुमारे महिना लागला. मूळ पेटंटची मुदत संपल्यावर ती यंत्रणा कोणालाही वापरता येऊ लागली, त्यामुळे बाजारातील स्वस्त घनांच्या खोक्यावर बहुधा रुबिक यांचे नाव नसते, आतली रचना मात्र त्यांच्याच कल्पनेतून आलेली असते.