खेळाडूची सही: फुकटातून लाखांत कशी गेली, आणि खरी कशावरून?

कोकणात दिवाळीनंतर टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात त्या थेट मे महिन्यापर्यंत. चषक आणि रोख बक्षिसं नेहमीचीच. आता त्यांच्या जोडीला नामवंत क्रिकेटपटूची सही असलेली बॅट किंवा फ्रेम केलेली जर्सीही दिसू लागली आहे. असा माल ऑनलाइनही सर्रास मिळतो. किंमत काही हजारांपासून लाखांपर्यंत आणि सोबत सोनेरी कडेचं प्रमाणपत्र. एवढे पैसे मोजण्याआधी या बाजाराचा मागचा इतिहास ठाऊक असलेला बरा.

सहीला एके काळी किंमतच नव्हती, कारण ती मागितली की मिळायची. भारतातला पहिला कसोटी सामना डिसेंबर 1933 मध्ये मुंबईत जिमखान्याच्या मैदानावर झाला. 1937 मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियम उभं राहिलं. 1948 पासून कांगा लीग सुरू झाली आणि भर पावसाळ्यात, चिखलाच्या खेळपट्टीवर कसोटीपटू क्लबच्या पोरांबरोबर खेळू लागले. मुंबईत गिरणीत किंवा पेढीवर नोकरी करणाऱ्या कोकणी चाकरमान्याला रविवारी मैदानाच्या कडेला उभं राहायला तिकीट लागत नव्हतं. सामना संपला की वही पुढे करायची. ती वही मग मे महिन्यात किंवा गणपतीला आगबोटीने नाहीतर एसटीने गावी यायची आणि वाडीतली सगळी पोरं ती हाताळायची.

राजापूरकडच्या एका घरात अशी वही मी पाहिली आहे. गुलाबी, पिवळी, फिकट निळी पानं, कडेला कसर लागलेली, दमट हवेने शाई थोडी फुटलेली. प्रत्येक सहीखाली मालकाने पेन्सिलने सामना, तारीख आणि ‘पॅव्हेलियनच्या जिन्यात’, ‘नेटनंतर’ अशी जागा लिहून ठेवली आहे. जाणकार सहीइतक्याच काळजीने या पेन्सिलच्या नोंदी वाचतात. कोण, कुठे, कधी हे ज्या सहीबरोबर टिकून राहतं तिचं मोल टिकतं. ते तुटलं की शंका सुरू होते.

हे तुटणं आधी अमेरिकेत झालं. 1980 च्या दशकात तिथे खेळाडूंची चित्रं छापलेल्या बेसबॉल कार्डांची प्रदर्शनं जोरात भरू लागली आणि खेळाडू पैसे घेऊन टेबलावर बसून सह्या देऊ लागले. 1992 मध्ये अप्पर डेक या कार्डांच्या कंपनीने खास सह्यांच्या वस्तूंसाठी वेगळा उद्योग उभारला आणि बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनशी करार केला. सही हा माल झाला. ती देण्याचा हक्क करारात बांधला गेला आणि चाहता व खेळाडू यांच्यामध्ये विक्रेता येऊन बसला.

भाव मात्र खेळाडूच्या मोठेपणावर ठरत नाही, दुर्मिळतेवर ठरतो. डॉन ब्रॅडमन यांच्यापेक्षा मोठं नाव क्रिकेटमध्ये कुठलं? पण त्यांनी निवृत्तीनंतर कित्येक दशकं चाहत्यांच्या पत्रांना स्वतः उत्तरं दिली, हजारो सह्या केल्या. त्यामुळे त्यांची साधी सही त्यांच्या कीर्तीच्या मानाने स्वस्त मिळते. उलट, बेसबॉलमधला ‘शूलेस’ ज्यो जॅक्सन जवळजवळ निरक्षर होता. बायको त्याच्या नावाने सही करायची आणि तो स्वतः फार क्वचित, अक्षरं चितारल्यासारखी काढायचा. म्हणूनच त्याच्या हातची सही असलेला एक फोटो 2021 मध्ये दहा लाख डॉलरच्या वर विकला गेला.

इथे एक गल्लत हटकून केली जाते. धोनीच्या 2011 च्या विश्वचषक अंतिम सामन्यातल्या बॅटला लंडनमध्ये एक लाख पौंड मिळाले. शेन वॉर्नची कसोटीतली हिरवी टोपी 2020 मध्ये वणवाग्रस्तांच्या मदतीसाठी दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या पुढे गेली. या वस्तू मैदानावर वापरलेल्या होत्या आणि दोन्ही लिलाव धर्मादाय कामासाठी होते. दुकानातल्या कोऱ्या बॅटवर केलेल्या सहीला हे आकडे लागू होत नाहीत. तरी विक्रेते तेच ऐकवतात, याचा मला राग येतो, कारण ऐकणारा बहुतेक वेळा पहिल्या पगारातून बॅट घेणारा पोरगा असतो.

पैसा आला तसे बनावट सह्या करणारेही आले. सॅन डिएगोच्या बेसबॉल संघाचा फलंदाज टोनी ग्विन याला संघाच्याच दुकानात आपल्या नावाच्या खोट्या सह्या सापडल्या. 1990 च्या दशकाच्या अखेरीस एफबीआय या अमेरिकी तपास यंत्रणेने बनावट सह्यांविरुद्ध ‘ऑपरेशन बुलपेन’ चालवलं, 1999 मध्ये धाडी पडल्या आणि पुढे साठहून अधिक जणांना शिक्षा झाली. टोळीतला ग्रेग मरिनो नावाचा माणूस कुणाचीही सही हुबेहूब काढायचा. जप्त मालात मदर तेरेसा यांची सही असलेले बेसबॉलसुद्धा होते! जुन्या सह्यांसाठी जुन्या पुस्तकांची कोरी पानं वापरली जायची, आणि यातल्या कित्येक वस्तूंबरोबर रीतसर प्रमाणपत्रंही होती.

यातून धडा घेऊन अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलने 2001 पासून वेगळी पद्धत आणली. सही होताना त्रयस्थ माणूस समोर हजर असतो, तिथल्या तिथे वस्तूवर क्रमांकाचा होलोग्राम लागतो आणि तो क्रमांक कुणालाही तपासता येतो. म्हणजे राजापूरच्या त्या वहीतल्या पेन्सिलच्या नोंदीचंच काम झालं. आपल्या क्रिकेटमध्ये अशी सर्वमान्य व्यवस्था अजून रुजलेली नाही. प्रमाणपत्र कुणीही छापू शकतो, तेव्हा ते देणारा कोण आणि त्याने सही होताना पाहिली का, एवढंच विचारायचं.

प्रत्येक नकली सहीमागे लबाडीच असते असंही नाही. 1930 च्या दशकात विल्यम साइक्स कंपनीच्या बॅटींवर ब्रॅडमनची सही कारखान्यातच छापली जायची. कुणी फसवायला ती छापत नव्हतं, पण आज माळ्यावर अशी बॅट सापडली की ती सही खरी समजून घरात आनंद होतो. संघाच्या सह्यांच्या कागदावर एखाद्या खेळाडूने कंटाळलेल्या मित्राचं नावही लिहून टाकलेलं असतं. ती वस्तू त्या ड्रेसिंग रूममधलीच, फक्त सही त्याची नव्हे.

घरच्या घरी काही गोष्टी कळतात. भिंगाखाली बारीक ठिपके दिसले तर सही छापील आहे. खऱ्या सहीत पेन झपकन जातं, शेवट निमुळता होतो. नकल करणारा सावकाश काढतो, म्हणून रेघ सगळीकडे सारख्या जाडीची आणि किंचित थरथरती येते. बॉलपेन बाजारात सर्रास आलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर, तेव्हा 1936 च्या दौऱ्याची म्हणून सांगितलेली सही बॉलपेनची असेल तर तिथेच थांबावं. 1950 च्या आसपासपासून कागदात उजळपणासाठी रसायनं मिसळू लागले. असा कागद अतिनील दिव्याखाली निळसर चमकतो आणि त्याहून जुना म्हणून खपवलेला कागद लगेच उघडा पडतो.

आपल्याकडे सचिनचे गुरू आचरेकर सर यांचा जन्म मालवणचा, म्हणून सिंधुदुर्गात सचिनच्या सहीची ओढ आणखीच. जिथे मागणी जास्त, तिथे नकलाही जास्त.

ज्यांच्या घरात जुन्या वह्या आहेत त्यांनी त्यांना लॅमिनेशन करू नये आणि सेलोटेप लावू नये. कोकणच्या पावसात फोटो काचेला चिकटून खराब होतात, म्हणून काच आणि फोटो यांच्यात पुठ्ठ्याची चौकट ठेवून अंतर राखावं आणि फ्रेम उन्हाच्या भिंतीवर टांगू नये. सही घेणारे काका-आजोबा हयात असतील तर सामना, साल, जागा त्यांच्याच अक्षरात लिहून घ्यावी. आणि विकत घेणाऱ्याने बिल, जाहिरातीचे स्क्रीनशॉट आणि विक्रेत्याशी झालेलं बोलणं जपून ठेवावं. खोटी सही खरी म्हणून विकणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणुकीचा गुन्हा ठरू शकतो, आणि व्यवहार ऑनलाइन झाला असेल तर सायबर हेल्पलाइनच्या 1930 या क्रमांकावर लगेच तक्रार करता येते.