मधुमेहातील पहिले इंजेक्शन

टाइप २ मधुमेह असलेल्या प्रौढ व्यक्तीची रक्तातील साखर पथ्य, व्यायाम आणि गोळ्या यांनी आटोक्यात राहीनाशी झाली की सुईवाटे द्यायचे पहिले औषध ठरवावे लागते. ही निवड मुख्यतः दोन गटांतून होते : जीएलपी-१ गटाची औषधे (आतड्यातल्या या नावाच्या संप्रेरकासारखे काम करणारी) आणि दिवसभर संथपणे काम करणारे बेसल इन्सुलिन. मिश्र इन्सुलिनने (जलद आणि संथ इन्सुलिन एकत्र) सुरुवात करण्याची पद्धतही भारतात जुनी आहे. टाइप १ मध्ये, म्हणजे शरीर स्वतः इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही तेव्हा, मात्र हा प्रश्नच येत नाही. तिथे पहिल्या दिवसापासून इन्सुलिनच लागते.

११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटो येथे लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचले गेले. तेव्हापासून ८० हून अधिक वर्षे मधुमेहाचे इंजेक्शन म्हणजे इन्सुलिन, एवढेच समीकरण होते. २००५ मध्ये अमेरिकेत एक्झेनाटाइड या पहिल्या जीएलपी-१ औषधाला मान्यता मिळाली आणि ते बदलले. गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेत सापडलेल्या द्रव्यावर हे औषध आधारलेले आहे. पुढे रोज घ्यायचे लिराग्लुटाइड आणि आठवड्यातून एकदा घ्यायची ड्युलाग्लुटाइड व सेमाग्लुटाइड आली. दोन संप्रेरकांचे काम एकत्र करणारे टिर्झेपाटाइड भारतात मार्च २०२५ मध्ये विक्रीस आले.

जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-१ हे संप्रेरक सुटते. ही औषधे त्याचेच काम जास्त काळ करतात. साखर वाढलेली असेल तेव्हाच ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, जठर सावकाश रिकामे होऊ देतात आणि भूक कमी करतात. त्यामुळे वजन उतरते आणि एकट्याने घेतल्यास साखर एकदम खाली जाण्याची भीती फारशी नसते. सोबत ग्लिमेपिराइडसारखी इन्सुलिन सोडायला लावणारी गोळी चालू असेल तर मात्र तिचा डोस कमी करावा लागतो. ग्लिप्टिन गटाची (सिटाग्लिप्टिनसारखी) गोळी बंद करतात, कारण दोन्हींचा मार्ग एकच. पहिले काही आठवडे मळमळ होते, म्हणून सेमाग्लुटाइड ०.२५ मिलिग्रॅमवर चार आठवडे ठेवून मगच वाढवतात. घरात मेड्युलरी प्रकारचा थायरॉइड कर्करोग झालेला असल्यास ही औषधे देत नाहीत. डोळ्यांचा पडदा आधी तपासून घ्यावा, हे आग्रहाने सांगायला हवे. साखर झपाट्याने उतरली की आधीपासून असलेला पडद्याचा आजार बळावू शकतो.

अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या मार्गदर्शनात बहुतेकांसाठी इन्सुलिनच्या आधी जीएलपी-१ला पसंती आहे. हृदयविकार, मूत्रपिंडाचा आजार किंवा लठ्ठपणा सोबत असेल तर विशेषच. पण त्याच मार्गदर्शनात अपवादही आहेत. वजन आपोआप घटत आहे, तहान आणि लघवी वाढली आहे, एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) १० टक्क्यांच्या वर किंवा साखर डेसिलिटरमागे ३०० मिलिग्रॅमच्या पुढे आहे, अशा वेळी आधी इन्सुलिनचा विचार करायचा. गरोदरपणातही इन्सुलिनच.

आपल्याकडे हा अपवाद नीट वाचायला हवा. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवले की भारतीय शरीर दिसायला बारीक असले तरी त्यात चरबीचे प्रमाण जास्त असू शकते. तरुण वयात टाइप २ झालेल्या भारतीयांच्या अभ्यासात इन्सुलिनची कमतरता हे मोठे कारण दिसले आहे. किडकिडीत माणूस, गोळ्यांचे पूर्ण डोस आणि तरी उतरत चाललेले वजन, असे चित्र असेल तर भूक मारणारे औषध हे पहिले उत्तर नव्हे. सी-पेप्टाइडची रक्ततपासणी इथे उपयोगी पडते; शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवते आहे याचा अंदाज तिच्यातून येतो.

‘एकदा इन्सुलिन लागलं की सुटत नाही’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते आणि त्यापायी कित्येकजण वर्षे वाया घालवतात. साखर फार चढलेली असताना काही आठवडे इन्सुलिन दिले की थकलेल्या स्वादुपिंडाला विसावा मिळतो आणि काहींना पुन्हा गोळ्यांवर आणता येते. ज्यांना ते कायमचे लागते, त्यांना आजाराने लागते, सुईच्या सवयीने नव्हे.

बेसल इन्सुलिन साधारणपणे रोज १० युनिटने सुरू करतात आणि उपाशीपोटीची साखर पाहत दर तीन दिवसांनी २ युनिटने वाढवतात. खरी चूक इथे होते : डोस दहावरच राहतो आणि ‘इन्सुलिनचाही उपयोग झाला नाही’ असे ठरते. उलट किलोमागे अर्धा युनिट ओलांडूनही साखर चढीच असेल तर तेच वाढवत बसण्यात अर्थ नाही. तेव्हा जीएलपी-१ किंवा जेवणाआधीचे इन्सुलिन जोडतात. मिश्र इन्सुलिन स्वस्त पडते, पण त्याला वेळेवरची दोन जेवणे लागतात. शेतावर दुपार टळून जाणाऱ्याला किंवा एकादशी-चतुर्थी धरणाऱ्याला ते जपून द्यावे लागते.

पेनऐवजी कुपीतून इन्सुलिन घेणाऱ्याने सिरिंजच्या टोपणाचा रंग पाहावा. आपल्याकडच्या कुपीत बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिट असतात आणि तिची सिरिंज लाल टोपणाची. केशरी टोपणाची १०० युनिटच्या औषधासाठी. ४० युनिटच्या कुपीचे औषध केशरी टोपणाच्या सिरिंजमध्ये दहाच्या खुणेपर्यंत भरले तर अंगात चारच युनिट जातात. उलटी गल्लत झाली तर दहाच्या जागी पंचवीस जातात आणि रात्री घाम फुटून, हात थरथरून माणूस जागा होतो. तेव्हा तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचे. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही न घालता सरळ दवाखाना गाठायचा.