सेन्सरविरहित मोटर-नियंत्रण

मोटरीच्या आसाजवळ हॉल सेन्सर (चुंबकाची जाणीव होणारा) किंवा एन्कोडर (फिरण्याचा कोन मोजणारा) न बसवता, केवळ तारांतील विद्युतप्रवाह व व्होल्टेज मोजून रोटरची, म्हणजे मोटरीच्या फिरत्या भागाची, स्थिती ओळखण्याची पद्धत. ब्रश नसलेल्या (बीएलडीसी) मोटरीत कोणत्या गुंडाळीला केव्हा वीज द्यायची, हे रोटरच्या स्थितीवर ठरते. ती कळली नाही तर मोटर नुसती थरथरते.

तीन गुंडाळ्यांच्या मोटरीत सहा टप्प्यांच्या पद्धतीने एका वेळी दोनच गुंडाळ्यांतून प्रवाह जातो. तिसरी मोकळी असते आणि फिरत्या चुंबकामुळे तिच्यात उलट व्होल्टेज निर्माण होते. ते मध्यबिंदू ओलांडते तो क्षण टिपायचा आणि ३० विद्युत अंशांनंतर (सहा टप्प्यांचे एक आवर्तन म्हणजे ३६० विद्युत अंश) पुढचा टप्पा सुरू करायचा, एवढीच युक्ती.

खरी अडचण सुरुवातीची. उलट व्होल्टेज वेगाच्या प्रमाणात असल्याने थांबलेल्या मोटरीत ते शून्य असते. म्हणून आधी ठराविक प्रवाह देऊन रोटर एका जागी ओढून घेतात, मग आंधळेपणाने वेग वाढवतात आणि व्होल्टेज मोजण्याजोगे झाले की नियंत्रण त्याच्यावर सोपवतात. काही बीएलडीसी पंखे सुरू होताना किंचित उलटे हलतात ते यामुळेच. मधल्या काळात भार जड निघाला तर रोटर मागे पडतो आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून.

त्यामुळे पंखा आणि पंप ही या पद्धतीची हक्काची क्षेत्रे: वेग कमी तेव्हा भारही कमी. गोव्यात फोंड्याकडच्या कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) विहिरीत सोडलेल्या बीएलडीसी सौरपंपाला तर सेन्सरच्या बारीक तारा पाण्याखाली नेण्याची कटकटच नको. फ्रीजच्या बंद कॉम्प्रेसरमध्येही उष्णता, तेल व शीतक यांत सेन्सर ठेवणे अवघड. किनाऱ्यावरची खारी हवा आणि जून ते सप्टेंबरचा पाऊस पाहता, गंजणारा एक जोड कमी होणे ही लहान गोष्ट नव्हे.

विजेच्या स्कूटरचे मात्र वेगळे. पणजीत आल्तिनोच्या चढावर थांबलेल्या गाडीला पहिल्याच क्षणी पूर्ण जोर हवा. तिथे हॉल सेन्सरच भरवशाचे. रोटरच्या स्थितीनुसार गुंडाळीचे प्रेरकत्व (प्रवाहातील बदलाला विरोध करण्याचा गुण) बदलते अशा मोटरींत उच्च वारंवारतेचे व्होल्टेज सोडून थांबलेल्या अवस्थेतही स्थिती काढता येते, पण त्यासाठी जास्त गणित करावे लागते आणि मोटर बारीक शीळ घालते.