उथळ पाणी आणि थोडं पाणी एकच नाही: फायटरसाठी टँक केवढा घ्यायचा

"फायटर तर भाताच्या खाचरात, डबक्यात राहणारा मासा, त्याला कशाला एवढा मोठा टँक?" हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता समोरच्याने तोंड उघडलं की पुढचं वाक्य कळतं. आणि गंमत म्हणजे यातलं पहिलं अर्धं खरंच आहे. फायटर म्हणजे बेटा स्प्लेंडन्स हा मूळचा थायलंडचा, तिथल्या भातशेतीत, दलदलीत, गवत माजलेल्या संथ पाण्यात सापडतो. पण हे ऐकून लोक जो निष्कर्ष काढतात ना, की म्हणजे याला वाटीभर पाणी पुरतं, तिथे सगळं बिघडतं. कारण खाचरातलं पाणी उथळ असतं, थोडं नसतं. खोली वीतभर असेल पण ते पसरलेलं असतं अख्ख्या शेतभर, एका खाचरातून दुसऱ्यात जातं, मध्ये रोपं, चिखल, शेवाळ सगळं असतं. उथळ आणि थोडं, हे दोन शब्द आपण एकच धरले की फायटर बाऊलमध्ये जाऊन पडतो.

म्हणून आधी हे दोन वेगळे करू, टँकचं माप त्यातूनच निघतं.

उथळ पाणी त्याला का मानवतं ते बघा. फायटरच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वरच्या बाजूला एक घड्याघड्यांचा अवयव असतो, त्याला लॅबिरिंथ म्हणतात. त्यामुळे तो पाण्याबाहेरच्या हवेतून थेट ऑक्सिजन घेऊ शकतो, दर थोड्या वेळाने वर येऊन हवेचा घोट घेतो आणि परत खाली जातो, तुम्ही पाळला असेल तर बघितलंच असेल. खाचरातल्या कोमट साचलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी असतो, तिथे ही सोय कामाला येते. वरचा पृष्ठभाग जवळ हवा एवढीच त्याची मागणी, वर येताच आलं नाही तर तो गुदमरू शकतो. म्हणजे उथळ पाणी त्याच्या शरीराला जुळतं, यात वाद नाही.

आता थोडं पाणी. हवेतून श्वास घेतो म्हणून ऑक्सिजनचा प्रश्न सुटला, पण घाणीचं काय? ती तर पाण्यातच जाते. मासा कल्ल्यांमधून सतत अमोनिया सोडत असतो, शिवाय विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजून अजून अमोनिया तयार होतो, आणि हा अमोनिया कल्ले भाजतो. समजा दिवसभरात ४ मिलिग्रॅम अमोनिया पाण्यात गेला, तर २० लिटरमध्ये तो होतो लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम, आणि २ लिटरच्या बाऊलमध्ये होतो लिटरमागे २ मिलिग्रॅम. मासा तोच, खाणं तेच, विष दहापट. पाण्याचा पीएच (पाणी किती आम्लधर्मी की अल्कधर्मी याचं माप) जास्त असेल तर हाच अमोनिया अजून घातक होतो. म्हणून फायटर बाऊलमध्ये "जगतो" असं दिसतं, कारण गुदमरून पटकन मरत नाही, दुसरा मासा कदाचित एका दिवसात गेला असता. फायटर आतून हळूहळू खचत राहतो आणि आपल्याला वाटतं याला चालतंय.

माझा पहिला फायटर ३ लिटरच्या गोल बाऊलमध्ये होता. दिवसभर तळाशी पडून असायचा, पंख मिटलेले, मला वाटायचं स्वभावच शांत आहे. नंतर त्याला मोठ्या टँकमध्ये हलवलं तेव्हा आठवड्याभरात तो काचेपाशी येऊन खाणं मागायला लागला, तेव्हा कळलं की तो शांत वगैरे नव्हता, त्याला त्रास होत होता. ते अजून मनाला लागतं.

मोठ्या टँकमध्ये अमोनियाची व्यवस्था बॅक्टेरिया लावतात. फिल्टरच्या स्पंजवर, ग्रॅव्हलवर म्हणजे तळाच्या बारीक खड्यांवर ते वस्ती करतात, अमोनियाचं नायट्राइट करतात आणि नायट्राइटचं नायट्रेट, जे बरंच कमी त्रासाचं असतं आणि आठवड्याला २०–२५ टक्के पाणी बदललं की आटोक्यात राहतं. बाऊलमध्ये ही वस्ती बसायलाच जागा नसते, आणि जी थोडीफार बसते ती आपणच घासून धुऊन काढतो, कारण पाणी गढूळ झालं की लोक मासा ग्लासात काढतात, बाऊल लख्ख करतात, नवीन पाणी भरतात. म्हणजे दर वेळी मासा पकडायचा ताण, तापमानाचा झटका, आणि बॅक्टेरिया शून्यावर.

तापमानाचं पण तेच. फायटरला साधारण २५ ते २७ अंश सेल्सिअस लागतं आणि ते स्थिर लागतं. २ लिटर पाणी खोलीबरोबर तापतं आणि खोलीबरोबर गार होतं, रात्री खिडकी उघडी राहिली तरी फरक पडतो. त्यात हीटर टाकायचा तर एवढ्या पाण्यात तो नीट कंट्रोलच होत नाही, पटकन जास्त गरम करतो. २० लिटरला २५ वॅटचा थर्मोस्टॅटवाला हीटर आरामात पुरतो, पाणी हळू तापतं हळू निवतं, माशाला झटका बसत नाही.

तर आकडा सांगायचा झाला तर माझं मत असं, १० लिटर ही अगदी खालची मर्यादा, तीही फिल्टर, हीटर आणि आठवड्यातून दोनदा पाणी बदलायची तयारी असेल तरच. १८–२० लिटरला निवांतपणा येतो, ५ गॅलन म्हणून जे सगळीकडे सांगतात ते अमेरिकन गॅलन धरले तर जवळजवळ १९ लिटर होतात, म्हणजे तेच. नवीन माणसाने तर २० च्या खाली जाऊच नये असं मला वाटतं, कारण छोट्या टँकमध्ये छोटी चूकसुद्धा मोठी होते, एक दिवस खाणं जास्त पडलं तरी २० लिटर सांभाळून घेतं, ५ लिटर नाही घेत.

पण नुसते लिटर बघून पण चालत नाही हां. इथे परत उथळ हा शब्द कामाला येतो.

दोन टँक घ्या. एक २० सेमी लांब, २० रुंद आणि पाणी ५० सेमी उंच. दुसरा ४० सेमी लांब, २५ रुंद आणि पाणी २० सेमी उंच. गुणाकार करून १००० ने भागा, दोन्हीत बरोबर २० लिटर. पण पहिल्याचा वरचा पृष्ठभाग ४०० चौरस सेमी आणि दुसऱ्याचा १०००. पहिल्यात फायटरला आडवं पोहायला २० सेमी मिळतात, तो स्वतःच शेपटीसकट ६–७ सेमी, म्हणजे दोन फटकाऱ्यात समोरची काच. आणि हवेचा घोट घ्यायला तळापासून अर्धा मीटर चढायचं, दिवसातून कितीतरी वेळा. हाफमून या लांब पंखांच्या प्रकारासारखे भले मोठे पंख असतील तर हे ओझं घेऊन चढणं खरंच दमवणारं असतं, असे मासे पंख फाटलेले, एका कोपऱ्यात टेकून बसलेले दिसतात आणि मालक औषध शोधत असतो. प्लाकाट म्हणजे आखूड पंखांचा फायटर उंच टँकमध्ये तेवढा थकत नाही, पण तो पोहणारा मासा, त्याला लांबी जास्त लागते. म्हणजे दोघांनाही आडवाच टँक बरा.

उंच टँक आधीच घरात असेल तर टाकून द्यायची गरज नाही. वरच्या थरात रुंद पानांची झाडं लावा, लाकडाचा तुकडा असा ठेवा की पृष्ठभागाजवळ त्याला टेकता येईल, फायटर पानावर चक्क आडवा होऊन झोपतो. काही जण पाण्याची पातळीच खाली आणतात, ते दिसायला सोपं वाटतं पण अरुंद टँकमध्ये पाणी उथळ केलं की ते थोडं पण होतं, ५० चं २५ केलं की २० लिटरचे १० राहिले. टँक रुंद असेल तरच हे जमतं, आणि पातळी खाली आणली तर हीटर त्याच्यावरच्या खुणेपर्यंत पाण्यात बुडलेला आहे ना हे आधी बघा, पाणी बदलतानाही तो बंद करूनच हात घाला.

आणि गोल बाऊल, तो तर दोन्हीकडून मार खातो. काठोकाठ भरला तर तोंड अरुंद म्हणून पृष्ठभाग कमी, पोटापर्यंत भरला तर पृष्ठभाग वाढतो पण पाणी अर्धं.

खोक्यावरचे लिटर आणि आतलं पाणी यातही बराच फरक असतो. ४० × २५ × ३० चा टँक म्हणजे बाहेरून ३० लिटर. पण काचेची जाडी दोन्हीकडून वजा केली की आत साधारण ३९ × २४, झाकण आणि पाणी यात ५ सेमी मोकळी जागा सोडायची म्हणजे पाणी २५ सेमी, झाले २३ च्या आसपास. त्यात ३ सेमी ग्रॅव्हल, लाकूड, फिल्टर, शेवटी २१ लिटर हातात येतात. म्हणून २० लिटर पाणी हवं तर २० लिटर लिहिलेला टँक घेऊ नका, ३० चा घ्या. ती मोकळी जागा वाचवायला जाऊ नका, तिथली उबदार दमट हवाच तो घेतो, आणि झाकण हवंच, फायटर उडी मारतो.

दुकानात तो कपात ठेवलेला असतो, मग घरी का नाही, असंही विचारतात. नर एकमेकांना फाडतात म्हणून वेगळे ठेवावे लागतात, आणि जाणकार माणूस त्या कपातलं पाणी वरचेवर पूर्ण बदलत असतो. ती विकेपर्यंतची सोय आहे, घर नाही.

उलट मोठ्या टँकमध्ये फायटर घाबरतो म्हणतात ते बऱ्याचदा रिकाम्या टँकबद्दल असतं. ६० लिटरमध्ये सुद्धा तो मजेत राहतो, फक्त झाडं, आडोसे हवेत आणि फिल्टरचा प्रवाह हळू हवा, स्पंज फिल्टर सगळ्यात बरा.

एक शेवटचं. नवीन टँक आणला की त्याच दिवशी मासा सोडू नका. बॅक्टेरिया बसायला काही आठवडे जातात, टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत थांबा. मासा आधीच बाऊलमध्ये असेल तर तोवर रोज अर्धं पाणी बदला, क्लोरीन काढलेलं आणि तेवढ्याच तापमानाचं, आणि खाणं थोडं कमीच टाका.