डॉलर कुठला, ते आधी सांगा

‘२०१२ मध्ये जपानचं दरडोई उत्पन्न सुमारे ४९ हजार डॉलर होतं, २०२३ मध्ये ते ३४ हजारांवर आलं. जपानी माणूस एक तृतीयांशाने गरीब झाला!’ गल्लोगल्ली जपानीचे वर्ग चालणाऱ्या पुण्यात हे ऐकून ऐकून कान किटले. अहो, घसरला तो येन. २०१२ मध्ये डॉलरला ८० येन पडत, २०२३ मध्ये १४० पडू लागले. येनमध्ये, महागाई वजा करून मोजलं तर जपानचं दरडोई उत्पादन त्या काळात वाढलंच आहे, थोडं का होईना.

चालू किमती (त्या-त्या वर्षीच्या) आणि स्थिर किमती (महागाई वजा केलेल्या) यांतला फरक सांगत बसत नाही. आजोबांचा पहिला पगार किती होता हे प्रत्येक घरात शंभरदा सांगून झालेलं असतं. एकूण आकार आणि दरडोई आकडा यांचीही तीच गत: ‘भारत जपानच्या पुढे’ म्हणताना १४० कोटींनी भागायचं तेवढं राहून जातं.

खरी गफलत होते ती बाजारातला डॉलर आणि क्रयशक्तीचा डॉलर, म्हणजे पैशांत प्रत्यक्ष किती वस्तू आणि सेवा येतात त्यावरून काढलेला डॉलर, यांच्यात. बाजारातला दर ठरतो तेल, यंत्रं, सॉफ्टवेअर यांच्या व्यापारावर, व्याजदरांवर आणि परदेशी भांडवलाच्या ये-जा करण्यावर. कोथरूडच्या सलूनमधली कटिंग मात्र टोकियोत नेऊन विकता येत नाही. घरभाडं, रिक्षा, शिकवणी यांचंही तसंच. गरीब देशात मजुरी कमी, म्हणून या सेवा स्वस्त. बाजारातल्या दराला त्यांचा पत्ताच नसतो. म्हणून जागतिक बँकेच्या पुढाकाराने देशोदेशीच्या किमती गोळा करून वेगळा दर काढतात. २०१७ साठी भारताचा असा दर निघाला २०.६५ रुपये, बाजारात तेव्हा डॉलर ६५.१२ रुपयांना होता. म्हणजे तोच पगार, पण एका मापाने दुसऱ्याच्या तिपटीहून जास्त!

एका वर्षापुरती तुलना असेल तर हा फरक निदान गरीब देशांच्या बाबतीत एकाच दिशेने चुकवतो. बरीच वर्षं पाहायला गेलं की बाजारातला दर अक्षरशः उड्या मारतो. जुलै १९९१ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि भारताचं दरडोई उत्पादन डॉलरमध्ये वर्षभरात सुमारे ३७० वरून ३०० च्या आसपास आलं. स्थिर किमतीत खरी घट होती जेमतेम एक टक्का. ऑक्टोबर २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अंदाजात बांगलादेश १,८८८ डॉलर आणि भारत १,८७७ डॉलर दिसला, तेव्हा केवढा गदारोळ झाला! क्रयशक्तीने मोजलं तर त्याच अंदाजात भारत पुढे होता. करोनाच्या वर्षात आपली घसरण मोठी होती हे खरंच. पण ते दाखवायला ११ डॉलरचा फरक हे साधन नव्हे.

बाजारातला डॉलर निरुपयोगी आहे असं नाही. मुलीला शिकायला जर्मनीला पाठवायचं असेल, तेल आयात करायचं असेल, परदेशी कर्ज फेडायचं असेल, तर तोच खरा. राहणीमानाची तुलना करताना तो नको, एवढंच.

क्रयशक्तीचा आकडा घेतला म्हणूनही सुटका होत नाही. त्यातही ‘चालू’ आंतरराष्ट्रीय डॉलर (क्रयशक्तीच्या डॉलरचंच तक्त्यांतलं नाव) असतो, आणि त्यात अमेरिकेची महागाई मिसळलेली असते. त्यामुळे कुठल्याही देशाची रेघ फुगलेली दिसते. दोन देश, अनेक वर्षं असा तक्ता करायचा तर मी ‘स्थिर २०२१ आंतरराष्ट्रीय डॉलर’ हाच रकाना उघडतो, आणि फक्त एकाच देशाची वाढ पाहायची असेल तर त्याच्या स्वतःच्या चलनातले स्थिर किमतीचे आकडे. ज्या आलेखाच्या उभ्या अक्षावर नुसतं ‘डॉलर’ लिहिलंय, तो मी पुढे वाचतच नाही.

आणखी एक: किमतींच्या पाहणीच्या जुन्या फेरीचे आणि नव्या फेरीचे आकडे एका रेघेत शिवू नका. डिसेंबर २००७ मध्ये किमतींची नवी पाहणी आली आणि क्रयशक्तीने मोजलेली चीनची अर्थव्यवस्था कागदावर सुमारे ४० टक्क्यांनी आक्रसली. शांघायमधला एकही कारखाना त्या दिवशी बंद पडला नव्हता.