ते ९३ टक्केवालं गणित भाषणाला लावू नका

कॉलेजात पर्स्युएसिव्ह स्पीच, म्हणजे लोकांना एखादी गोष्ट पटवणारं भाषण, द्यायचं असलं की कोणीतरी सांगतंच, शब्दांचा इफेक्ट फक्त ७ टक्के, आवाज ३८ आणि बॉडी लँग्वेज ५५, म्हणजे ९३ टक्के इफेक्ट शब्दांशिवायच, मग मुद्दे कसेही चालतील, हातवारे भारी पाहिजेत. असं काही नाहीये हो! हे आकडे मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट मेहरेबियन यांच्या १९६७ च्या दोन प्रयोगांतले. त्यात भाषण नव्हतंच, सुटे शब्द होते, एका प्रयोगात तर 'मेबी' हा एकच शब्द वेगवेगळ्या टोनमध्ये ऐकवला, सोबत चेहऱ्याचा फोटो दाखवला आणि विचारलं की बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही. बास. हे फक्त भावना, आवडनिवड यापुरतं, असं स्वतः मेहरेबियननीच सांगितलंय.

९३ टक्के खरं असतं तर टीव्ही म्यूट करून जपानी बातम्या कळल्या असत्या की!

आवाज पडलेला, नजर कागदात, तर लोक कंटाळतात हे खरंच. पण 'कँटीनमध्ये स्टीलचे ग्लास आणा' हे पटवायचंय तर रोज किती कागदी कप कचऱ्यात जातात ते दोन दिवस उभं राहून मोजा, ग्लास धुणार कोण याचं उत्तर तयार ठेवा, कारण पहिला प्रश्न तोच येणार. आरशासमोर हात हलवायची प्रॅक्टिस त्यानंतर.